मूल ज्याला सांगेल, तो तयार हवा

नवी मुंबईतल्या एका प्राथमिक शाळेची मी मुख्याध्यापिका आहे. एका अंगाला ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे कारखाने, दुसऱ्या अंगाला सिडकोच्या इमारती आणि मधे दाट वस्ती, अशा भागात शाळा आहे. आमच्या मुलांचे वडील कुणी एपीएमसी बाजारात माथाडी, कुणी रिक्षावाले, कुणी सकाळी नाक्यावर उभं राहून मिळेल त्या कामाला जाणारे. आया वाशी-नेरूळच्या सोसायट्यांत धुणीभांडी आणि स्वयंपाक करतात. शाळेचं नाव मी लिहीत नाही, कारण नावावरून मुलांपर्यंत पोहोचता येतं. बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर पालक भेटले की विचारतात, "मॅडम, शाळेत मुलं सुरक्षित आहेत ना?" त्याचं उत्तर म्हणून आमचा रोजचा दिवस सांगते.

सकाळी ७.५०

शाळेत सगळ्यांत आधी मावशी आणि सुरक्षारक्षक येतात. पहिलं मूल यायच्या आत दोघांनी इमारतीची फेरी पुरी करायची असते. स्वच्छतागृहांच्या कड्या लागतात ना, दिवे लागतात ना, गच्चीच्या दाराला कुलूप आहे ना, रिकाम्या खोल्या आणि भंगार ठेवलेली खोली बंद आहे ना, जिन्याखाली कुणी झोपलेलं नाही ना, हे पाहून वहीत टिपायचं. मुलाला एकटं गाठता येईल अशी जागा शाळेत उरू नये, यासाठी ही फेरी. ती मी करत नाही, मावशी करतात. त्यामुळे इमारतीतला कुठला कोपरा नजरेआड राहतो हे त्यांना माझ्यापेक्षा नेमकं माहीत असतं, आणि जागांबद्दलचा शेवटचा शब्द मी त्यांचाच धरते.

सुरक्षारक्षकाच्या टेबलावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही असते. नळ दुरुस्त करणारा असो की पुस्तकांचे गठ्ठे आणणारा, नाव लिहिल्याशिवाय आत येत नाही आणि आत आला की सोबत शाळेचा माणूस असतो. मुलांशी रोज संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी करायला पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांनी सांगितलं आहे. राज्य सरकारनेही २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयात चारित्र्य पडताळणीवर पुन्हा बोट ठेवलं. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत इथेच घोटाळा होतो. कंत्राटदार एक माणूस काढून दुसरा पाठवतो आणि कागद पहिल्याचेच राहतात. म्हणून आमचा नियम एका ओळीचा आहे: पडताळणीचा कागद नाही, तर फाटकाच्या आत काम नाही.

८.३०

व्हॅन आणि वर्दीच्या रिक्षा येऊ लागतात. चौथीपर्यंतच्या मुलांची झोप व्हावी म्हणून त्यांचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत, असं राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं. तेव्हापासून हा अर्धा तास आमच्या फाटकावरच्या गर्दीचा झाला आहे.

महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ पासून वेगळे नियम आहेत. बसमध्ये महिला सहायक हवी आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी. बसमधल्या ताई मुलं उतरवून घेतात तेव्हा मी त्यांना एवढंच विचारते, "आज सगळ्यांत आधी कोण चढलं?" कारण सकाळी पहिलं चढणारं मूलच बहुधा दुपारी शेवटी उतरतं. बस रिकामी होत जाते आणि ते मूल एकटं उरतं. शेवटचं मूल घरच्यांच्या हाती दिल्याशिवाय ताईंनी उतरायचं नाही, हे आम्ही समितीत ठरवून घेतलं आहे. वर्दीच्या रिक्षात ताई नसतात. तिथे पालकांनी आपापसात बोलून थांब्यांचा क्रम असा लावायचा, की शेवटच्या थांब्यावर किमान दोन मुलं एकत्र उतरतील.

९.००

परिपाठ होतो आणि वर्गात कॅटलॉग उघडतो. हजेरी म्हणजे सरकारी आकडा, असं बऱ्याच जणांना वाटतं. माझ्या लेखी मुलांच्या सुरक्षिततेची पहिली खूण हजेरीतच उमटते. तीन दिवस सलग गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी फोन जातो. फोन लागला नाही तर त्याच गल्लीत राहणाऱ्या पालकांकरवी निरोप जातो, तरी कळलं नाही तर शिक्षिका स्वतः घरी जातात. मोठी बहीण शाळा सोडून धाकट्या भावंडाला सांभाळत असते, कुणी चहाच्या टपरीवर बसलेला असतो, कुटुंब कामासाठी गाव बदलून गेलेलं असतं. तर कधी मूल ठरावीक वारीच गैरहजर असतं. मग त्या वारी घरी कोण असतं, येण्याच्या वाटेवर कोण भेटतं, शाळेत त्या दिवशी कुठला तास असतो, हे तपासावं लागतं.

हजेरी घेताना शिक्षिकेने चेहऱ्याकडे पाहायचं. बडबडं मूल एकाएकी गप्प झालं, बसायला कचरू लागलं, चड्डीत शी-शू होऊ लागली, एखाद्या माणसाचं नाव निघताच अंग चोरू लागलं, तर वर्गशिक्षिकेने तारीख घालून वहीत लिहायचं. एका खुणेवरून निष्कर्ष काढायचा नाही. पण तीन वेगवेगळ्या शिक्षकांनी पाहिलेल्या तीन खुणा एका वहीत आल्या, तर त्यांचा अर्थ लागतो. त्या प्रत्येकाच्या मनातच राहिल्या, तर कुणालाच काही कळत नाही.

१०.१५

वर्गांवरून माझी फेरी. सुरक्षितता म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फक्त लैंगिक अत्याचार येतो. पण पाठीवर बसलेला धपाटा, आख्ख्या वर्गासमोर केलेला पाणउतारा, जातीवरून किंवा रंगावरून मारलेला टोमणा हेही मुलाला इजाच करतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. त्यात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं.

काही पालक स्वतःहून म्हणतात, "मॅडम, मारा त्याला, आमची काही हरकत नाही." मी त्यांना सांगते, "तुमची हरकत नसेल, पण कायद्याची आहे आणि माझीही आहे." ज्या शाळेत मुलाला शिक्षकांची भीती वाटते, तिथे ते आपल्यावर गुदरलेलं कुणाला सांगणार? मार बंद झाल्याशिवाय मुलं बोलती होत नाहीत. म्हणून मार बंद करणं हे माझ्या मते सुरक्षिततेचं पहिलं काम आहे.

११.००

छोटी सुट्टी. आमच्याकडे शिक्षकांच्या पाळ्या लावलेल्या आहेत: एक जिन्यापाशी, एक मैदानात, एक पाण्याच्या टाकीजवळ. मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेर मावशी असतात. बालवाडी आणि पहिलीची मुलं एकटी जात नाहीत, जोडीने जातात. लहान मुलांना धुवायचं, कपडे बदलायचे तर ते काम मावशींचंच, आणि तेही दार अर्धं उघडं ठेवून. ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने सहावीपर्यंतच्या वर्गांसाठी महिला कर्मचाऱ्यांना प्राधान्य द्यायला सांगितलं, त्यामागचा विचार हाच.

त्याच निर्णयाने सीसीटीव्ही सक्तीचे केले आणि चित्रण आठवड्यातून किमान तीनदा तपासायची जबाबदारी मुख्याध्यापकांवर टाकली. मी ते तपासते आणि तारीख घालून सही करते. पण कॅमेऱ्याची हद्द मला ठाऊक आहे. तो मार्गिका पाहतो, स्वच्छतागृहात त्याला जागा नाही आणि नसावीही. जिथे कॅमेरा नाही तिथे माणूस उभा हवा.

१२.३०

केंद्रीय स्वयंपाकगृहातून खिचडीचे डबे येतात. मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी चव घ्यायची, वेळ आणि सही चव रजिस्टरात टाकायची. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं कीटकनाशक मिसळलेलं जेवण जेवून २३ मुलं दगावली. तेव्हापासून या सहीकडे मी औपचारिकता म्हणून पाहू शकत नाही.

जेवणाची वेळ ही मुलांच्या बोलण्याचीही वेळ असते. वाढणाऱ्या मावशीपाशी मुलं जितकी मोकळी होतात तितकी माझ्या खोलीत कधीच होत नाहीत. मावशी त्यांच्याच वस्तीतल्या, त्यांच्याच बोलीतल्या. म्हणून दर वर्षी जूनमध्ये जे प्रशिक्षण शिक्षकांना, तेच मावशी, सुरक्षारक्षक आणि बसताईंना, एकाच खोलीत आणि एकाच दिवशी. मुलाने कुणाला सांगावं हे आपण ठरवू शकत नाही. ते ज्याला सांगेल, त्याला पुढचं पाऊल माहीत असलं पाहिजे. आमच्या सगळ्या व्यवस्थेचा गाभा एवढाच आहे.

१.१५

एखाद्या दिवशी याच सुमाराला मावशी दारात येऊन म्हणतात, "मॅडम, जरा बोलायचंय." असे दिवस येतात. त्यांतलं मुलांचं मी इथे काहीही लिहिणार नाही. पोक्सो कायद्याचं कलम २३ मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं आणि ती मनाई योग्यच आहे. मोठ्यांनी काय करायचं, तेवढं लिहिते.

मावशींना शिकवलेलं असतं की ऐकून घ्यायचं, चेहरा शांत ठेवायचा, "खोटं तर नाही ना बोलत?" असं विचारायचं नाही, "कुणाला सांगणार नाही" असं वचनही द्यायचं नाही. "तू सांगितलंस ते चांगलं केलंस, तुझी काही चूक नाही," एवढं म्हणायचं आणि थेट माझ्याकडे यायचं. मी मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून घेते. मुलाला पुन्हा बोलावून खोदून विचारत नाही. वर्गशिक्षिका, पर्यवेक्षक, विश्वस्त अशी रांग लागून प्रत्येक जण तेच विचारायला लागला, तर मूल तो प्रसंग तितक्या वेळा भोगतं आणि पुढे न्यायालयात त्याच्या जबाबालाही धक्का पोहोचतो.

मग आईला बोलावणं आणि पोलिसांना कळवणं. घरातल्याच माणसावर संशय असेल, तर आधी कुणाशी बोलायचं हे १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवर विचारून ठरवतो. ही चाइल्डलाइन १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली. आता ती सरकार चालवतं आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. शाळेने आधी अंतर्गत चौकशी करायची आणि खात्री पटली तरच पोलिसांत जायचं, असं कायद्यात कुठेही नाही. कलम १९ प्रमाणे नुसता संशय असला तरी कळवायचं आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चांगल्या हेतूने कळवलं आणि पुढे आरोप सिद्ध झाला नाही, तर कळवणाऱ्यावर खटला होत नाही. दोषी कोण हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे. शाळेने फक्त वेळेत कळवायचं.

प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. मुलाचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या नव्हे, गणवेश न घालता, मुलाच्या घरी किंवा त्याच्या सोयीच्या जागी घ्यायचा असतो. चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवण्याची जबाबदारी पोलिसांची. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरने, पालकाच्या किंवा मुलीचा विश्वास असलेल्या माणसाच्या समोर करायची. या सगळ्यात आईला काही सुचत नाही, म्हणून आमची एक शिक्षिका दिवसभर तिच्यासोबत राहते. अत्याचारग्रस्तांसाठीच्या मनोधैर्य योजनेखाली आर्थिक मदत आणि समुपदेशन मिळतं, हेही तीच आईला सांगते.

याच वेळी दडपणाचे फोन सुरू होतात. "वस्तीतलीच माणसं आहेत, मिटवून घ्या." "शाळेचं नाव खराब होईल." "मुलीच्या लग्नाचं काय?" बदलापूरने या युक्तिवादाची किंमत दाखवली. तिथे १६ ऑगस्ट २०२४ ला गुन्हा नोंदवला गेला. चिमुकल्या मुलींच्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला हजारो माणसं रेल्वे रुळांवर उतरली आणि लोकल दिवसभर बंद पडली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि वेळेत न कळवल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला. त्याआधी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहाचं प्रकरण होतं. मुलींवरच्या अत्याचाराची माहिती असून ती पोलिसांना न दिल्याचा आरोप तिथल्या एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाने रद्द केलेला तो गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी पुन्हा कायम केला. माहिती असताना न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि तसं करणं म्हणजे गुन्हेगाराला पाठीशी घालणं, असं त्या निकालाने बजावलं.

२.१५

तिसरीच्या वर्गात सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्शाचा तास. मुलं कागदावर आपला पंजा ठेवून पेन्सिलीने गिरवतात आणि प्रत्येक बोटावर आपण ज्यांना काहीही सांगू शकतो अशा माणसाचं नाव लिहितात. पाचही नावं घरातली नकोत, किमान एक घराबाहेरचं हवं, असं आम्ही सांगतो. २००७ च्याच अहवालात निम्म्याहून अधिक मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं आणि त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. त्रास झालेल्यांत मुलगे मुलींहून किंचित जास्तच होते. "मुलग्यांना काय होतंय?" हा प्रश्न म्हणूनच आम्ही शाळेत चालू देत नाही.

"नाही म्हण, तिथून निघ, लगेच सांग," हे तीन शब्दसमूह मुलं पाठ करतात. पण सात वर्षांच्या मुलाने मोठ्या माणसाला अडवावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून तासाच्या शेवटी शिक्षिका एक गोष्ट दोनदा सांगते: "नाही म्हणता आलं नाही, तरी चूक तुझी नाही. उशिरा सांगितलंस तरी चालेल." विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी चित्रं, बाहुल्या आणि खाणाखुणा वापरतो, कारण ज्याला बोलून सांगता येत नाही त्याच्यावर डोळा ठेवणारे जास्त असतात.

३.३०

शाळा सुटते. फाटकावर वर्गशिक्षिका मूल हाताला धरून, ओळखपत्र पाहून सोडते. मध्येच फोन येतो, "टीचर, आज त्याचा मामा येतोय घ्यायला." उत्तर ठरलेलं असतं, "ताई, नोंद असलेल्या नंबरवरून फोटो आणि नाव पाठवा, मग सोडतो." मामा खरोखर मामाच असतो, बहुतेक वेळा. थोडा रागावतोही. तरीही नियम एकाला वेगळा आणि दुसऱ्याला वेगळा ठेवता येत नाही.

खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. आई कामावरून सहाला परतते. मधले अडीच तास मूल कुठे असतं? कुणी शेजारच्या आजीकडे, कुणी शिकवणीला, कुणी गळ्यात किल्ली अडकवून गल्लीत. या तासांची माहिती आम्ही जूनमध्येच प्रत्येक पालकाकडून लिहून घेतो. ज्या मुलांना कुणीच नाही, त्यांना पाच वाजेपर्यंत वाचनाच्या खोलीत बसवतो. प्रत्येक प्रभागात अशी एखादी देखरेखीची जागा झाली, तर घरकामाला जाणाऱ्या हजारो आयांचा जीव भांड्यात पडेल. महापालिका, सोसायट्या आणि वस्तीतली मंडळं यांनी मिळून हे मनावर घ्यावं.

४.१५

महिन्यातून एकदा सखी सावित्री समितीची बैठक. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयानुसार ही समिती प्रत्येक शाळेत हवी. शिक्षिका, पालक, समुपदेशक, वैद्यकीय क्षेत्रातली महिला, अंगणवाडी सेविका आणि मुलं असे सगळे तिच्यात येतात. तक्रारपेटी यांच्यासमोरच उघडते. पेटीत बऱ्याचदा चिठ्ठ्या येतात त्या "पंखा चालत नाही", "अमुक मुलगा चिडवतो" अशा. त्या प्रत्येक चिठ्ठीला उत्तर द्यायचं. पंख्याची तक्रार ऐकली जाते हे दिसलं, तरच मूल एक दिवस मोठी गोष्ट लिहायला धजेल.

पालकसभेत मी दोन विनंत्या करते. पाहुण्यांना पापी द्यायची, मांडीवर बसायची बळजबरी मुलावर करू नका. नमस्कार पुरे. "मोठ्यांचं सगळं ऐकायचं" हे वाक्य घरातून काढून टाका. त्या जागी "मोठ्यांनी काही गुपित ठेवायला सांगितलं, तर आधी मला सांगायचं" हे वाक्य आणा.

५.३०

निघण्याआधी दिवसाच्या नोंदी वाचून सही करते. आजचं लिहायचं उद्यावर जाऊ नये, एवढंच पाहते. सुरक्षारक्षक पुन्हा एकदा खोल्या पाहून कुलपं लावतो.

पालकांना कळकळीने सांगते: या आठवड्यात आपल्या मुलाच्या शाळेत जा आणि विचारा. इथल्या सगळ्यांची, कंत्राटी माणसांचीसुद्धा, पोलीस पडताळणी झाली आहे का? सखी सावित्री समितीत कोण आहे आणि ती शेवटची कधी बसली? तक्रारपेटी कोण उघडतं? मावशींना आणि बसताईंना प्रशिक्षण मिळालं का? मुलाने आज काही सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत कोण कुणाला कळवणार? उत्तरं मिळाली नाहीत तर शाळा व्यवस्थापन समितीत या. शिक्षण हक्क कायद्याखालच्या या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, म्हणजे ती तुमचीच आहे. आणि कुठल्याही मुलाबद्दल, मग ते शेजारच्याचं का असेना, मनात शंका आली तर खात्री पटायची वाट पाहू नका. १०९८ किंवा ११२ फिरवा. दोन्ही नंबर रात्रंदिवस चालू असतात आणि फोनला पैसे पडत नाहीत.